सात नंबरचं झाड

पौषात, डोळे चढवायच्या ऐन घाईत
रामटेके मॅडम आल्या स्कूटीवर.
डिक्कीत फुटपट्टी, पावतीबुक आणि दोन संत्री
(आमची नव्हेत, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं).

गणोरकरांची नर्सरी वरुडच्या अलीकडे,
सातपुडा दिसतो तिथून, धुवून वाळत घातल्यासारखा.
मी वाफ्यात उकिडवा. जंबेरीच्या खुंटाला
जमिनीपासून वीतभर वर उभा काप, आडवा काप,
साल सैल करायची, डोळा आत सरकवायचा,
पट्टी गुंडाळून गाठ.
दिवसाला सातशे. एकतीस वर्षं.

मॅडमनी फुटपट्टी लावली.
"वीत भरत नाही, दशरथभाऊ."
"माही वीतच लहान हाय, बाई."
हसल्या नाहीत. लिहिलं.

मग रजिस्टर.
मातृवृक्ष क्रमांक सात. जात नागपुरी. वय चौदा.
यंदा काढलेले डोळे: चाळीस हजार.
"एका झाडाचे?"
गणोरकर म्हणाले, "चहा घ्या."
"झाड दाखवा."
"साखर कमी चालते ना?"
"झाड."

कोणीच उठेना. मग मीच उठलो.
का, ते अजून सांगता येत नाही.
कदाचित गुडघे आखडले होते म्हणून.

विहिरीमागे, ठिबकच्या नळ्यांच्या भेंडोळ्यापलीकडे
सात नंबर होतं. म्हणजे बुंधा होता, बसायच्या पाटाएवढा.
डिंक्यानं गेलं, त्याला तिसरं वर्ष.
कलम मेलं, आणि खालून खुंटानं
आपले स्वतःचे धुमारे काढलेले,
काटेरी, हिरवेगार, बेशरम.

"मग डोळे येतात कुठून?"

ओल्या पोत्यातून येतात, मॅडम.
अंधार पडला की मोटरसायकलवर.
कोणत्या शिवारातून, कोणत्या झाडाचे,
ते पोत्यावर लिहिलेलं नसतं.
पोत्यावर युरिया लिहिलेलं असतं.
चाळीस हजार डोळे, अन् एकानंही कधी...
असो.
हे मी मोठ्यानं बोललो की मनात, आठवत नाही.
त्यांनी लिहून घेतलं, म्हणजे बोललो असेन.

आमच्या साळ्यानं, नथ्थूनं, इथूनच दोनशे नेली होती.
भेंडीचं खोटं बी आठ दिवसांत उघडं पडतं.
झाडाचं खोटं गप्प राहतं, पाणी पितं,
अंगणातल्या पोरासारखं लळा लावतं,
आणि सहाव्या वर्षी फळतं:
साल जाड, फोड कोरडी, दात आंबतील अशी.
नथ्थू काही बोलला नाही. फोड पुढे केली.
मी खाली वाकून बुंधा पाहिला.
कोणीतरी पट्टी सोडायला विसरलं होतं,
तिचा वळ सालीत रुतला होता, उलटा,
उजवीकडून डावीकडे.
अख्ख्या तालुक्यात डावखुरा मी एकटा.

"सदर कलमाखाली," मॅडम लिहीत होत्या,
"विक्री बंद करण्याचा आदेश..."
कलमाखाली खुंट असते, मी म्हटलं.
या वेळी हसल्या. सही मात्र घेतलीच.

बावीस दिवस हजेरी नाही.
गणोरकर रस्त्यात दिसले की सातपुड्याकडे पाहत.
पंचफुला भाकर थापता थापता म्हणे,
"तुमाले कायले पडलं होतं दाखवाचं?"
मी चाकू परजत बसे. परजायला काही उरलं नव्हतं.

फाल्गुनात बोलावणं आलं.
बेनोड्याकडच्या एका जुन्या बागेत
पानं तपासून, फळं चाखून, सालीवर नख मारून
अकरा झाडं पास झाली होती.
त्यांना पत्र्याचे बिल्ले बांधायचे, क्रमांक ठोकलेले.
(सात नंबर वगळला होता. का, ते मी विचारलं नाही.)

"घट्ट बांधा," मॅडम म्हणाल्या, "वाऱ्यानं पडायला नको."
मी तार पिळली, बोटभर सैल ठेवून.
"झाड जाड होत राह्यते, बाई."

त्यांनी पेन कानामागे खोचलं,
फटीत आपलं बोट घालून पाहिलं.
लिहिलं काही नाही.